निम्मी, एक तृतीयांश, एक सप्तमांश

माझ्या ताईच्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार आहे हे निश्चित झाले, तेव्हा त्या निदानाचा एक धागा माझ्यापर्यंत आणि माझ्या मुलांपर्यंत येतो, हे समजायला मला थोडा वेळ लागला. निदानाची वाटही सरळ नव्हती. भाचा उशिरा चालायला लागला होता, जिने चढताना दमत होता आणि त्याच्या पोटऱ्या वयाच्या मानाने भरदार दिसत होत्या. कुठल्याशा तापाच्या निमित्ताने केलेल्या रक्ततपासणीत यकृताशी संबंधित मानली जाणारी दोन विकरे वाढलेली आढळली आणि पुढचे बरेच दिवस त्याच्या यकृताचाच शोध चालला. ही विकरे स्नायूंमध्येही असतात, त्यामुळे स्नायूंच्या पेशी झिजू लागल्या की रक्तात त्यांचे प्रमाण वाढते. हे लक्षात घेऊन एका बालरोगतज्ज्ञांनी क्रिएटिन कायनेज या स्नायूंतील विकराची, म्हणजे सर्वजण ज्याला सीके म्हणतात, ती तपासणी सांगितली. निरोगी मुलात हा आकडा साधारण दोनशेच्या आत असतो; भाच्याचा वीस हजारांच्या पुढे होता.

ताईला जनुकीय समुपदेशनासाठी बोलावले, तेव्हा समुपदेशिकेने आईलाही आणि जमल्यास बहिणीलाही घेऊन येण्यास सांगितले होते. रक्त काढणे, यंत्रे, गुंतागुंतीचे अहवाल यांची मी मनाची तयारी करून गेले होते. प्रत्यक्षात पहिल्या भेटीचा बहुतेक वेळ कागद, पेन्सिल आणि आमच्या आईची आठवण यांतच गेला.

वंशावळ काढण्याची एक ठरलेली लिपी आहे. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. आजारी व्यक्तीचे चिन्ह आतून भरलेले. मृत व्यक्तीवर तिरपी रेघ. नात्यात लग्न झाले असेल तर पतिपत्नींना जोडणारी रेघ दुहेरी. ज्याच्यामुळे कुटुंब तपासणीला आले त्याच्या चिन्हाकडे रोखलेला बाण. समुपदेशिका भाच्यापासून सुरुवात करून वर वर जात होती आणि प्रत्येक नावापाशी थांबून तेच प्रश्न विचारत होती: किती वर्षे जगले, कशाने गेले, गर्भपात झाले होते का, लहानपणी दगावलेले कोणी मूल होते का. तिच्या प्रश्नांमागचा तर्क मला हळूहळू उमगत गेला. आजार पिढ्यानपिढ्या, स्त्रीपुरुष दोघांत आणि आईवडिलांपैकी एकाकडून थेट उतरलेला दिसला तर तो प्रभावी स्वरूपाचा, म्हणजे जनुकाची एकच सदोष प्रत पुरेशी असलेला, असण्याचा संभव अधिक. एकाच जोडप्याच्या मुलामुलींत तो अचानक उमटला आणि आईवडील मात्र निरोगी असले, त्यातही ते नात्यातले असले, तर तो अप्रभावी असण्याकडे कल झुकतो. तेथे दोघांकडूनही सदोष प्रत आलेली असावी लागते. फक्त पुरुष आजारी, त्यांना जोडणाऱ्या स्त्रिया निरोगी आणि बापाकडून मुलाकडे एकदाही संक्रमण नाही, असे चित्र असेल तर दोष एक्स गुणसूत्रावर शोधावा. बाप मुलाला वाय गुणसूत्र देतो, एक्स देत नाही, त्यामुळे बापाकडून मुलाकडे गेलेला एकच निःसंशय दाखला एक्स-निगडित आनुवंशिकतेचा दावा बाद करायला पुरतो.

आमच्या कागदावर आईच्या भावापाशी पेन्सिल थांबली. माझा मामा मी जन्मण्याआधीच, विशीच्या आत, वारला होता. घरात त्याच्याविषयी एकच वाक्य बोलले जाई: तापानंतर त्याचे पाय गेले. समुपदेशिकेने ताप बाजूला ठेवला आणि आईला विचारले की त्या तापाआधी तो धावत असे का. आईने विचार करून सांगितले की तो कधीच नीट धावला नव्हता; इतर मुले त्याला चिडवत. जमिनीवरून तो कसा उठत असे, या प्रश्नावर आईने उत्तर न देता स्वतःच्या गुडघ्यांवर आणि मग मांड्यांवर हात टेकत, शरीर वर ढकलत उठण्याची नक्कल करून दाखवली. ताई एकदम गप्प झाली, कारण तिचा मुलगा अगदी तसाच उठतो. वैद्यकशास्त्रात या लक्षणाला एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश वैद्य गॉवर्स यांचे नाव आहे. आईला ते नाव ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते, पण चाळीसहून अधिक वर्षे जपलेले ते निरीक्षण कोणत्याही जुन्या केसपेपरपेक्षा मोलाचे ठरले. समुपदेशिकेने मामाचा चौकोन भरला आणि आजी, आई व ताई या तिघींच्या वर्तुळांच्या मध्यभागी एकेक ठिपका दिला. ठिपका म्हणजे वाहक: स्वतः सहसा निरोगी, पण सदोष जनुक पुढे देऊ शकणारी स्त्री.

भाऊ आजारी आणि मुलीचा मुलगाही आजारी, अशा स्त्रीच्या वाहकपणाबद्दल व्यवहारतः शंका उरत नाही. आईच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर डिस्ट्रॉफिन नावाच्या प्रथिनाचे जनुक सदोष आहे आणि दुसऱ्यावर सुदृढ. तिच्या प्रत्येक अपत्याला यांपैकी कोणते मिळेल याची शक्यता समसमान. दादाला सुदृढ मिळाले, हे तो निरोगी आहे यावरूनच सिद्ध होते, कारण पुरुषाकडे एकच एक्स असल्यामुळे दोष दडून राहायला जागाच नसते. त्याच्या मुलाबाळांना या आजाराचा धोका नाही. ताईला सदोष मिळाले. माझ्या वर्तुळात समुपदेशिकेने काहीच भरले नाही. बाजूला लिहिले, १/२.

भाच्याचा सविस्तर जनुकीय अहवाल अजून यायचा होता. तोवर माझ्यासाठी हा अपूर्णांक आणखी नेमका करता येईल, असे ती म्हणाली. मला एक मुलगा आहे आणि त्याच्यापेक्षा लहान एक मुलगी. मुलगा शाळेत जाणारा, खेळणारा, आणि त्याचे सीकेही सामान्य. समुपदेशिकेने कागदावर दोन रकाने आखले. मी वाहक असेन ही शक्यता निम्मी, आणि तसे असूनही मुलगा निरोगी निपजेल ही पुन्हा निम्मी. दोन्ही एकत्र घडण्याची शक्यता एक चतुर्थांश. मी वाहक नसेन ही शक्यता निम्मी, आणि त्या स्थितीत मुलगा या आजारापासून मुक्त असणार हे जवळपास निश्चित. म्हणजे ती निम्मीच राहते. एक चतुर्थांश आणि निम्मे यांची तुलना एकास दोन अशी होते. तीन भागांपैकी एक भाग वाहकपणाचा. मुलगी निरोगी आहे याचा मात्र या गणिताला काहीच उपयोग नव्हता, कारण वाहक मुलगीही सहसा निरोगीच दिसते.

नंतर माझे सीके तपासले. वाहक स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींत ते वाढलेले सापडते आणि उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यात सामान्य असते. माझे सामान्य आले. त्यामुळे वाहकपणाच्या बाजूचा एक भाग आणखी तिसऱ्या हिश्श्यावर आला, दुसरी बाजू जवळपास तशीच राहिली आणि उत्तर आले एक सप्तमांश. अठराव्या शतकातील थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत जनुकीय समुपदेशनात रोजची आहे. मला तिचे आकर्षण वाटले आणि थोडी भीतीही. निम्मी, एक तृतीयांश, एक सप्तमांश अशी शक्यता उतरत गेली, त्या काळात माझ्या शरीरात काहीही बदलले नव्हते. माझ्या पेशींमध्ये जे होते ते माझ्या जन्माआधीपासून ठरलेले होते. बदलत होते ते आमचे त्याविषयीचे ज्ञान. हे मला बुद्धीने पटले, तरी मन मात्र उतरत्या अपूर्णांकाला उतरता आजार समजूनच निश्चिंत होऊ पाहत होते. जोखीम सांगणाऱ्या प्रत्येक आकड्याच्या बाबतीत, मला वाटते, असेच होत असावे.

सीके या तपासणीवर वाहक स्त्रियांच्या बाबतीत भरवसा का ठेवता येत नाही, याचे कारण १९६१ साली मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञेने मांडले होते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असले तरी गर्भावस्थेच्या अगदी आरंभी प्रत्येक पेशी त्यांपैकी एक बहुतांशी मूक करते. कोणते मूक करायचे ही निवड यादृच्छिक असते, आणि त्या पेशीपासून पुढे निर्माण होणाऱ्या सर्व पेशी तीच निवड पाळतात. वाहक स्त्रीच्या स्नायूंत म्हणूनच डिस्ट्रॉफिन तयार करणाऱ्या आणि न करणाऱ्या पेशींची सरमिसळ असते. ज्या स्त्रीत सुदृढ एक्स अधिक पेशींत जागा राहिला, तिचे सीके सामान्य राहू शकते. ज्या स्त्रीत उलट घडले, तिला स्नायूंचा अशक्तपणाही जाणवू शकतो. एक्स-निगडित अप्रभावी आजारात स्त्रिया फक्त वाहक असतात आणि त्यांना काहीच होत नाही, हे पाठ्यपुस्तकी विधान त्यामुळे अपुरे पडते.

आईचे मन या सगळ्यात भलतीकडेच गुंतले होते. आपल्यामुळे हे नातवापर्यंत गेले, असे ती प्रत्येक भेटीत म्हणे. समुपदेशिकेने तिला धीर देण्याऐवजी हिशेब सांगितला, आणि मला तीच पद्धत योग्य वाटली. हा आजार असलेल्या पुरुषांना बहुधा अपत्ये होत नाहीत. पुरुषाकडे एक आणि स्त्रीकडे दोन एक्स असल्याने लोकसंख्येतील एकूण एक्स गुणसूत्रांपैकी तिसरा हिस्सा पुरुषांकडे असतो. म्हणजे प्रत्येक पिढीत सदोष प्रतींचा सुमारे तिसरा हिस्सा आजारी पुरुषांबरोबर नाहीसा होतो. तरीही आजाराचे प्रमाण घटत नाही, याचा अर्थ तितकीच नवी उत्परिवर्तने, म्हणजे जनुकातले नवे बदल, प्रत्येक पिढीत घडत असली पाहिजेत. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९३५ साली हिमोफिलिया या रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या संदर्भात मांडलेला हा युक्तिवाद डुशेनलाही लागू पडतो. आमच्या घराण्यातला दोष आजीच्याही आधी कोणाच्या तरी बीजपेशीत, प्रती काढताना, कोणाच्याही वर्तनाशी संबंध नसताना घडला असणार. आईने ते ऐकून घेतले आणि मग ताईकडे बघून विचारले की आजीच्या आईलाही हे होते का. त्याला उत्तर नव्हते. वंशावळ तेथे संपत होती.

भाच्याचा अहवाल आला. डिस्ट्रॉफिनचे जनुक मानवाच्या ज्ञात जनुकांत सर्वांत लांबलचक जनुकांपैकी एक आहे: सुमारे बावीस लाख अक्षरांचे, आणि त्यात ७९ एक्झॉन, म्हणजे प्रथिनाच्या पाककृतीत प्रत्यक्ष वापरले जाणारे तुकडे. भाच्याच्या प्रतीत ४८, ४९ आणि ५० हे तीन एक्झॉन गाळलेले होते. माझा पहिला प्रश्न अगदी बाळबोध होता: ७९ पैकी तीनच गेले, तर एवढा मोठा आजार का? समुपदेशिकेने तेथल्या तेथे एक ओळ लिहिली: बदक कमळ बघत. पेशी जनुकाचा मजकूर तीन तीन अक्षरांच्या गटांत वाचते. यातले फक्त ‘क’ हे एक अक्षर गाळले आणि गट तीनांचेच ठेवले, तर ओळ होते: बदक मळब घत. गाळलेल्या जागेपासून पुढचे सारे निरर्थक. उलट ‘कमळ’ हा संपूर्ण गट गाळला तर ‘बदक बघत’ उरते. मजकूर तुटका, पण वाचता येणारा. भाच्याचे तीन एक्झॉन मिळून ३९७ अक्षरांचे भरतात. या संख्येला तीनने भागल्यास एक उरतो, म्हणून पुढची सगळी वाचनचौकट सरकते आणि उपयोगी प्रथिन तयारच होत नाही. यांच्या जोडीला ५१ वा एक्झॉनही गळाला असता, तर गळालेली अक्षरे ६३० झाली असती. ही संख्या तीनने निःशेष भागली जाते. तेव्हा प्रथिन आखूड पण काम करणारे बनण्याचा संभव होता, आणि आजार बेकर या सौम्य प्रकाराचा झाला असता. मोठी हानी सौम्य आणि लहान हानी तीव्र, हे मला अजूनही विलक्षण वाटते. ५१ वा एक्झॉन पेशीला मुद्दाम वगळायला लावणारी औषधे याच गणितावर बेतलेली आहेत. भाच्याच्या डॉक्टरांनी त्यांविषयी माहिती दिली, पण परिणाम मर्यादित असतो हेही त्याच दमात सांगितले.

आता नेमका दोष माहीत झाल्यामुळे माझी तपासणी सोपी झाली होती. रक्त काढण्याआधी मात्र आणखी एक सविस्तर बैठक झाली. उत्तर ‘आहे’ असे आले तर काय कराल आणि ‘नाही’ असे आले तर काय कराल, हे दोन्ही प्रश्न मला वेगवेगळे विचारले गेले. मला आणखी मूल नको होते, मग जाणून घ्यायचे कशाला, असे मीच बोलून गेले. त्यावर तिने दोन कारणे पुढे ठेवली आणि निर्णय माझ्यावर सोडला. एक, वाहक स्त्रियांपैकी काहींच्या हृदयाचे स्नायू वाढत्या वयात अशक्त होतात, हातापायांत काही लक्षण नसतानाही. हे वेळेवर कळले तर उपचार करता येतात. दोन, माझी मुलगी. जाणून न घेण्याचाही मला अधिकार आहे, हे तिने स्पष्ट शब्दांत सांगितले होते आणि संमतिपत्रातही ते वेगळ्या परिच्छेदात छापलेले होते.

वापरलेल्या तपासणीला एमएलपीए म्हणतात. ती प्रत्येक एक्झॉनच्या प्रती मोजते. आजारी मुलात गळालेल्या एक्झॉनच्या जागी शून्य येते, ते ओळखणे सोपे. वाहक स्त्रीत दुसऱ्या एक्सवरची प्रत शाबूत असल्यामुळे एक्झॉन आहे की नाही, एवढेच पाहणाऱ्या जुन्या तपासण्यांना दोष दिसतच नसे. प्रमाण निम्मे झाले आहे हे मोजता यावे लागते. माझ्या अहवालात ४८, ४९ आणि ५० या तीन ठिकाणी प्रमाण निम्मे होते. एक सप्तमांशाची शक्यता खरी ठरली होती. आकडा चुकीचा होता असे मला त्या क्षणी वाटले, आणि समुपदेशिकेने मी न विचारताच सांगितले की सात जणींपैकी एकीच्या बाबतीत असे व्हायलाच हवे होते.

त्यानंतरचा सर्वांत अवघड भाग नातेवाइकांचा होता, आणि त्याची कल्पना मला कोणी आधी दिली असती तरी ती अपुरीच पडली असती. मावशीची शक्यता निम्मी, तिच्या दोन्ही मुलींची प्रत्येकी एक चतुर्थांश. समुपदेशिका स्वतः कोणाला कळवणार नव्हती; आमची माहिती आमच्या परवानगीशिवाय ती बाहेर देऊ शकत नाही. तिने एक पत्र तयार करून दिले. त्यात आजाराचे नाव, नेमका दोष आणि तपासणी कुठली करावी एवढेच होते. कोणाचे नाव नव्हते. ते पत्र पोहोचवायचे काम आईने केले. मावशीने तपासणीस नकार दिला. मामाचे दुखणे तापाचेच होते, अशी तिची धारणा आहे आणि या वयात ती सोडण्याची तिला गरज वाटत नाही. मला त्यात हट्टापेक्षा भावाच्या आठवणीची राखण अधिक दिसली, म्हणून मी वाद घातला नाही.

पण मावशीची धाकटी मुलगी गरोदर होती, आणि तेथे वेळेला महत्त्व होते. वारेच्या पेशींची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यानंतर आणि गर्भजलाची पंधराव्या आठवड्यानंतर करता येते. त्याआधी आई वाहक आहे की नाही, हे कळलेले बरे. खरे तर क्रमाने मावशीची तपासणी आधी व्हायला हवी होती, कारण ती वाहक नसती तर दोन्ही मुलींचा प्रश्न तिथेच मिटला असता. मावशीला डावलून मुलीची तपासणी केली आणि ती वाहक निघाली, तर मावशीचेही उत्तर तिला नको असताना उघड होणार होते. या पेचावर समुपदेशिकेचे मत असे होते की जिच्यापुढे निर्णयाची वेळ उभी आहे, तिचा जाणण्याचा हक्क येथे वरचढ ठरतो; मात्र निष्कर्ष आईला सांगायचा की नाही, हे त्या मुलीने आधीच ठरवून ठेवावे. माझी मावसबहीण वाहक नाही, असे निघाले. यावरून मावशीविषयी ठामपणे काहीच सांगता येत नाही, आणि तिच्या थोरल्या मुलीची शक्यता केवळ या उत्तरामुळे पुसली जात नाही. ही गोष्ट थोरलीला पटवून देताना मला फार शब्द खर्च करावे लागले. बहीण सुटली म्हणजे आपणही सुटलो, असेच तिला वाटत होते. प्रत्येक अपत्याच्या वेळी नवी निवड होते आणि आधीच्या निवडीचा तिच्यावर परिणाम होत नाही, हे वाक्य ऐकायला सोपे आणि मानायला अवघड आहे.

माझ्या हृदयाची सोनोग्राफी झाली आणि ती सामान्य आली; ठरावीक वर्षांनी ती पुन्हा करत राहायची आहे. मुलीची तपासणी मात्र तज्ज्ञांनी करू दिली नाही. मी आग्रह धरला, कारण माहिती हाताशी असताना थांबणे मला निरर्थक वाटत होते. त्यांचे म्हणणे असे की बालपणी या उत्तराने उपचारात काहीही बदल होत नाही, आणि जे उत्तर तिच्या पुढच्या निर्णयांसाठी आहे, ते मागायचे की नाही हे तिनेच सज्ञान झाल्यावर ठरवावे. आपण वाहक असू शकतो हे तिला वयानुरूप शब्दांत सांगत राहणे, ही माझी जबाबदारी. मला ही भूमिका पहिल्यांदा कोरडी वाटली. मावशीचा न जाणण्याचा हक्क मी मान्य केला होता, तेव्हा मुलीचा नाकारण्याला माझ्याकडे युक्तिवाद उरला नाही.

सध्या तिच्या नावाच्या एका फाईलमध्ये वंशावळीची प्रत, भाच्याचा आणि माझा अहवाल लावून ठेवला आहे. समुपदेशिकेने बजावले होते की केवळ आजाराचे नाव लिहून ठेवू नका, गळालेले एक्झॉन कोणते हे अहवालातल्या शब्दांत जपा. कारण या आजाराच्या कुटुंबांपैकी बऱ्याच कुटुंबांत एक्झॉन गळालेले नसून दुबार झालेले असतात किंवा एखादेच अक्षर बदललेले असते, आणि काय शोधायचे ते आधी माहीत नसेल तर पुढच्या पिढीच्या तपासणीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.